संध्याकाळी पाचचा फ्यूज

टिच्.

एवढाच आवाज झाला. पाटीवर पेन्सिलीचं टोक मोडावं तेवढा. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरात जी शांतता पाळली जाते, तिच्यात तो मला थेट वरसोलीच्या कोळीवाड्यापर्यंत गेल्यासारखा वाटला. त्या शांततेसाठी मी साडेचारलाच बाळाला पाजून निजवते, पाच वर्षांच्या नलूच्या तोंडात खडीसाखरेचा मोठ्यातला मोठा खडा देते आणि स्वतः भाजी निवडत बसते. तीही आवाज न करणारी. गवार नाही, मेथी.

तर टिच् झालं, ह्यांच्या अँप्लिफायरमधले दिवे विझले आणि तीन महिने खपून जुळवलेलं ते धूड गप्प झालं. शेजारचा रिसिव्हर मात्र चालूच होता. त्यातून सिलोनचे परेरा बोलत होते.

परेरा हे निवृत्त पोस्टमास्तर. कोलंबोच्या पुढं कुठल्याशा गावात एकटेच राहतात. आमच्या ह्यांना आणि त्यांना एकच नाद आहे. घरच्या घरी बिनतारी यंत्र जुळवायचं, दोन माडांच्या मध्ये तार ताणायची आणि जगाच्या पाठीवर असंच यंत्र घेऊन बसलेल्या दुसऱ्या माणसाला साद घालायची. ह्यांची नोकरी अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत. तिथं होकायंत्राची सुई बिघडू नये म्हणून लोखंडाला मज्जाव. किल्ल्यांचा जुडगासुद्धा बाहेर काढून ठेवावा लागतो. दिवसभर लोखंडाचा असा उपास घडल्यावर माणूस घरी येऊन लोखंडावर तुटून पडणारच, असं म्हणून मी संसाराच्या पहिल्या वर्षीच मनाची समजूत घातली होती.

वर्षभर परेरांचा आवाज आम्हाला यायचा, पण आमचा त्यांना जात नसे. आमच्या लहान यंत्राला पेणच्या पुढं दम लागे. म्हणून हा अँप्लिफायर. श्रावणात तो तयार झाला आणि तीन रविवार परेरांशी झकास गप्पा झाल्या. घरात दिवसाकाठी वीस शब्द बोलणारे आमचे हे त्या अर्ध्या तासात महिन्याचे शब्द बोलून मोकळे होत. मला मॅट्रिकपुरतं इंग्रजी येतं, त्यामुळे मेथीसोबत मीही थोडंफार निवडून घेत असे.

त्या चौथ्या रविवारी परेरा म्हणत होते, "बुधवारी माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन. पुढचा रविवार हॉस्पिटलात. त्याच्या पुढच्या रविवारी घरी येईन, पण डोळ्यांवर पट्टी असेल. वाचायचं नाही, दिसायचं नाही. पाच वाजता यंत्रापाशी बसेन. तुम्ही याल ना?"

ह्यांनी बटण दाबलं, "नक्की" म्हणायला तोंड उघडलं आणि टिच्.

परेरा म्हणाले, "ऐकलंत ना?" मग म्हणाले, "हॅलो." मग बराच वेळ नुसती खरखर. शेवटी म्हणाले, "असो. काही अडचण असेल. मी बसेन हो."

नलूनं खडीसाखर गालात सरकवून विचारलं, "आई, ते रडतायत का?"

"नाही गं. म्हातारे आहेत, आवाज तसाच असतो," मी म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

झालं. पंधरा दिवसांत यंत्र सुरू व्हायला हवं होतं. फ्यूज म्हणजे केसाएवढी तार. ती बदलायला पाच मिनिटं लागतात. पण बदललेली पुन्हा का उडते, हे कळायला आमचे पंधरा दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला.

"तू ह्याला हात लावला होतास?"

मी शपथेवर सांगते की मी त्या यंत्राला कधी फडकंसुद्धा लावलं नव्हतं. आत हजार व्होल्ट आहेत, मेन बंद केली तरी वीज आत दबा धरून बसते, म्हणून आधी पितळी आकड्याच्या बांबूनं ती काढून टाकायची, हे मला गायत्री मंत्रासारखं पाठ करून घेतलेलं होतं. "मी नाही हात लावला," मी बाणेदारपणे म्हटलं, आणि ते अक्षरशः खरं होतं. हात भागुबाईनं लावला होता.

हे आता सांगूनच टाकते. भागुबाई कोळीण आमच्याकडे मासळी घेऊन येते. यंत्र तयार झालं ते नेमकं नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात. तिनं पाटी उतरवली आणि विचारलं, "वयनी, ह्यो काय गो ट्रंकेवानी?"

ती ह्यांना भाऊ म्हणते, म्हणून मी सांगितलं, ह्याच्यातून भाऊंचा आवाज दर्या ओलांडून सिलोनला जाणार.

"दर्यावरशी? आन् नारल फोरला का?"

"नारळ कशाला?"

"आता गो बाय! सादी होरी दर्यान सोरतो तं नारल फोरल्याबिगर न्हाय सोरत. ह्यांचा त गला चाललाय सिलोनला!"

यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतं? देवाधर्मावर ह्यांचा विश्वास नाही असं नाही, पण तो देवघरापुरता. तेव्हा हे वेधशाळेत असताना भागुबाईनं ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ वाढवला, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर शिंपडतात तसं चहूबाजूंनी पाणी शिंपडलं, हळदकुंकू लावलं. मी पदरानं वरवर पुसून घेतलं. हात नाही लावला, पदर लावला. आणि त्यानंतर तीन रविवार परेरा खणखणीत बोलले. आता सांगा, कुणाच्या मनात नारळाविषयी संशय येईल?

ह्यांचा पहिला संशय रेक्टिफायर व्हॉल्व्ह नावाच्या काचेच्या दिव्यावर गेला. तो चालू असताना आत निळाजांभळा उजेड दिसतो. मला तो फार आवडतो. नवा व्हॉल्व्ह मुंबईहून मागवला. पोस्टात पार्सल आलं, पण त्यावर मोठ्या अक्षरांत 'काच' लिहिलेलं. तिथले बाबू म्हणाले, काचेचं पार्सल शाबूत मिळाल्याची सही करा. ह्यांनी पार्सल हलवून बघितलं आणि म्हणाले, बाहेरून शाबूत आहे. आत व्हॉल्व्ह चालतो की नाही हे यंत्राला लावल्याशिवाय कसं सांगू? बाबू म्हणाले, मग लावून या आणि सही करा. पण सहीशिवाय पार्सल नेता येत नाही. ह्या वर्तुळात सत्यप्रिय माणूस दोन दिवस फिरला. तिसऱ्या दिवशी मी बाळाला कडेवर घेऊन गेले आणि सही करून पार्सल आणलं. माझ्या सत्यप्रियतेवर हे जेवताना चार शब्द बोलले. त्या दिवशीच्या विसातले चार.

नवा व्हॉल्व्ह लागला. शनिवारी दुपारी बाराला यंत्र तासभर सुरेख चाललं. ह्यांनी मला चक्क "बघ" म्हटलं. रविवारी पाचला पुन्हा लावलं, पंधरा मिनिटं गेली, आणि टिच्.

आता ही बातमी गावात फिरली. वीज कचेरीतला वायरमन तुकाराम आपण होऊन आला. गळ्यात टेस्टरचा बल्ब अडकवलेला. "वहिनी, यंत्र बेस हाय. दोष आमचाच," तो अभिमानानं म्हणाला. "संध्याकाळी सगला गाव दिवे लावतो. दाब कमी-जास्त व्हतो. तीन प्रतीत अर्ज द्या, सायेब येऊन मोजून जातील." अर्ज दिला. साहेब आले ते भर दुपारी, दाब मोजला, उत्तम आहे म्हणाले, चहा घेतला आणि 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहून गेले. संध्याकाळी यायची विनंती केली तर म्हणाले, संध्याकाळी कचेरी बंद असते.

घरमालकीण कृष्णाबाईंचं म्हणणं वेगळंच. आमची तार त्यांच्या दोन माडांना बांधलेली. "अगं, तार बांधल्यापासून माडाला नारळ कमी लागतात. माडाचा जोर तुमच्या यंत्रात जातोय. इतका जोर त्याला सोसेल का?" शिवाय दिवेलागणीला नखं कापत नाहीत, केर काढत नाहीत, मग यंत्र का लावावं?

दोन सल्ले, दोन तऱ्हा. पण मला त्यांत एक गंमत दिसली. दोघंही संध्याकाळ म्हणत होते. मी नलूच्या पाटीवर मांडून बघितलं. दुपारी बारा, चालतं. दुपारी एक, चालतं. संध्याकाळी पाच, टिच्. सकाळी सहाला ह्यांनी एकदा हट्टानं लावलं होतं, तेव्हाही टिच्. पाटी समोर ठेवून मी पोह्याचे पापड तळत होते. दुपारी तळलेला कुरकुरीत पापड तेवढ्यात हातात वाकला. आमच्याकडे उन्हं कलली की खारा वारा सुटतो, सकाळी ऊन चढेपर्यंत सगळं दमट राहतं आणि भाद्रपदात तर मीठसुद्धा पाझरतं.

मी झारा तसाच हातात घेऊन माजघरात गेले. "अहो, यंत्र सादळतंय."

हे वीज साठवणारे कंडेन्सर सोडवत होते. त्यांनी मान वर केली. "काय होतंय?"

"सादळतंय. पापडासारखं."

ह्यांच्या चेहऱ्यावर लग्नानंतर प्रथमच मी खरंखुरं हसू बघितलं, आणि तेही असल्या कारणानं. "यंत्र म्हणजे पापड नव्हे," एवढं बोलून ते पुन्हा खाली वाकले. मी स्वयंपाकघरात परतले. तेल करपलं होतं. त्या रात्री पापड वाढला नाही. मागितलाही नाही कुणी.

तरी हा माणूस परेरांच्या रविवारासाठी किती झुरत होता ते मला दिसत होतं. वेधशाळेतून येताना आता लोखंडाकडे झडप नाही. बूट काढायचे आणि यंत्रासमोर नुसतं बसायचं. एकदा म्हणाले, "आंधळ्या माणसाला वाट बघायला लावणं फार वाईट." म्हणून मी माझ्या परीनं उपाय करायचं ठरवलं, आणि इथं मी माती खाल्ली.

भागुबाईनं निदान केलं, "तवाचा नारल तीन आयतवार पुरला. संपला त्याचा जोर. होरीला बी वरसाला नवा नारल लागतो."

गुरुवारी दुसरा नारळ वाढवला. या वेळी कंजुषी नको म्हणून सगळं पाणी शिंपडलं. मी पदरही जपूनच फिरवला, जोर पुसला जाऊ नये म्हणून.

शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी नवे कंडेन्सर लावून बटण दाबलं. मागे पंधरा मिनिटं टिकायचं ते एका मिनिटात टिच्! आणि पाठोपाठ वास आला. साखर करपल्याचा.

ह्यांनी निवाडा दिला, "ट्रान्स्फॉर्मर गेला." शनिवारी पहाटे रेवसला जाऊन ते लाँचनं मुंबईला रवाना झाले, नवा ट्रान्स्फॉर्मर आणायला. मी दारात उभी. करपलेल्या साखरेचा वास मला झोपू देत नव्हता. मी लाडवांचा पाक करते. तो वास मला कळतो. ट्रान्स्फॉर्मरमध्ये साखर कुठून आली?

रविवारी सकाळी बाळाला न्हाऊ घालून निजवलं आणि यंत्रापाशी येऊन बसले. आता कुतूहल असं होतं की भात लावायची शुद्ध नव्हती. आणि तेवढ्यात दिसली. भिंतीच्या फटीतून निघालेली लाल मुंग्यांची रांग, टेबलाच्या पायावरून वर, ट्रान्स्फॉर्मरच्या बुडाशी आत.

साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या तर घरातली बाई मुंग्या मारत बसत नाही. रांग कुठं जाते ते बघते. मी मेन काढली, बांबूचा आकडा टेकवला. चट्ट करून ठिणगी उडाली. दबा धरून बसलेली होती ती गेली. मग भागुबाईला हाक मारली. दोघींनी ते धूड कुशीवर केलं. मी ह्यांच्या पेचकसानं ट्रान्स्फॉर्मरच्या बुडाचं पत्र्याचं टोपण काढलं.

आत वीज अडवणारी बेकलाइटची तपकिरी पट्टी, तिच्यावर ओळीनं स्क्रू. आणि दोन स्क्रूंच्या मध्ये नारळाच्या पाण्याचा चिकट थर, त्यात भाजून निघालेल्या मुंग्या आणि त्या दोन स्क्रूंना जोडणारी कोळशाची एक काळी रेघ. जणू पहिल्या नारळापासून मुंग्यांनी जीव देऊन हळूहळू बांधत आणलेला पूल. दुपारी तो कोरडा असायचा. खारा वारा सुटला की सादळायचा, आणि वीज ठरलेल्या वाटेनं वर जायचं सोडून त्या पुलावरून पलीकडे उतरायची.

भागुबाईनं वाकून बघितलं. "वयनी," ती हळूच म्हणाली, "ह्यो आपला नारल काय गो?"

"दोन्ही."

"भाऊंना सांगशील?"

"तू सांग."

"माजी मासली वाट बघतेय," म्हणून ती पाटी डोक्यावर घेऊन गेलीसुद्धा.

पुढचं काम मात्र मला कुणी शिकवायला नको होतं. स्टोव्हच्या पिनेनं फटीतल्या मुंग्या टोकरून काढल्या. जळकी रेघ विळीच्या टोकानं खरवडून पार स्वच्छ तपकिरी बेकलाइट दिसेपर्यंत काढली. स्टोव्हच्या स्पिरिटनं पट्टी तीनदा पुसली. मग वाळवणं. बाळाची लंगोटं पावसाळ्यात आम्ही शेगडीवर दुरडी उपडी घालून वाळवतो. लंगोटं काढली, दुरडी बाजूला केली आणि ह्यांच्या अँप्लिफायरला हातभर अंतरावर ठेवून मंद निखाऱ्याचा शेक दिला. सवयीनं ओव्याची धुरी टाकायला हात गेला होता, आवरला.

नलू गालाला हात लावून बसली होती. "आई, ह्याला पण पोटात दुखतंय?"

"हो. नारळाचं पाणी बाधलं."

साडेचार वाजले तरी हे नाहीत. पावणेपाचला फाटक वाजलं. हे आले ते घामाघूम, पुढं हमालाच्या डोक्यावर अर्ध्या मणाचं खोकं. रेवसच्या धक्क्यावर दारूबंदीच्या शिपायानं अडवलं होतं. खोक्यात काय, असं त्यानं विचारलं. ट्रान्स्फॉर्मर. त्यात काय? आमच्या सत्यप्रिय माणसानं सांगितलं, तांब्याची तार, वेटोळी केलेली. तांब्याची वेटोळी म्हणताच शिपायाचे डोळे चमकले. हातभट्टीला तांब्याची वेटोळीच लागतात. किती वेटोळी, त्यानं विचारलं. ह्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, बाराशे. बाराशे वेटोळ्यांची भट्टी साऱ्या कुलाबा जिल्ह्यात नव्हती. हवालदार येऊन खोकं हुंगून जाईपर्यंत दीड तास गेला.

"पंधरा मिनिटं उरली," हे खाली बसत म्हणाले. "बसवायलाच दोन तास लागतील. संपलं."

"ते खोकं तसंच राहू द्या," मी म्हटलं. "दुरुस्त झालंय. मुंग्या होत्या."

"मुंग्या? तिथं कशाला जातील मुंग्या?"

"नारळाच्या पाण्याला."

"कुठला नारळ?"

"दोन होते," मी म्हटलं.

हे बघत राहिले. यंत्राकडे, शेगडीकडे, कोपऱ्यातल्या लंगोटांच्या ढिगाकडे. मग उठले, टोपण काढून पट्टी बघितली, त्यावरून बोट फिरवलं. मी पदराचं टोक पिळत उभी. टोपण लावून ह्यांनी मेन लावली.

गूं असा बारीक आवाज सुरू झाला. व्हॉल्व्हमध्ये तो निळाजांभळा उजेड उमलला. एक मिनिट गेलं. पाच गेली. खिडकीतून खारा वारा आत आला, माझ्या कपाळावरचे केस चिकट झाले. यंत्र चालूच.

"पापड," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "बरोबर होतं तुझं."

पाचला ह्यांनी साद घातली. खरखर. पुन्हा घातली. खरखर. तिसऱ्यांदा घातली तेव्हा ह्यांचा आवाज चिरकला. मी नलूचा हात घट्ट धरला होता, का कोण जाणे.

"आलात!" परेरांचा आवाज आला. "मला शंका होती. दोन आठवडे मी स्वतःलाच सांगत होतो, बिघाड यंत्रात असेल, माणसात नसेल."

हे बोलू लागले, आणि काय बोलले! फ्यूज, व्हॉल्व्ह, पोस्टातली सही, दारूबंदीचा शिपाई, सगळं. परेरा इतके हसले की डॉक्टरांनी हसायला मनाई केली आहे असं त्यांना मधेच आठवलं. शेवटी हे म्हणाले की ट्रान्स्फॉर्मरच्या पट्टीवर मुंग्या होत्या आणि बिघाड माझ्या पत्नीनं शोधला. मुंग्या तिथं कशासाठी गेल्या, ते मात्र बोलले नाहीत. मी श्वास सोडला.

"तुमच्या पत्नीनं?" परेरा म्हणाले. "त्या जवळ असतील तर त्यांना बोलवा. अकरा दिवस मी अंधारात आहे. मला त्यांचे आभार मानायचेत आणि त्यांच्या तोंडून ऐकायचंय, त्यांना ते सुचलं कसं."

मी उठले. पदर नीट केला. मनात इंग्रजी वाक्य जुळवलं, 'नमस्कार, आता तुमचे डोळे कसे आहेत.' त्यातला 'आता' कुठं घालायचा ते ठरवत मी टेबलापाशी आले.

ह्यांनी मायक्रोफोनवर हात ठेवला. चेहरा पडलेला. "तुला नाही बोलता येणार गं. ज्याच्या नावचं लायसन असेल त्यानंच बोलायचं, असा नियम आहे. सरकार ऐकत असतं." मग मायक्रोफोनमध्ये म्हणाले, "त्या इथंच उभ्या आहेत. त्यांना बोलायची परवानगी नाही. पण त्या ऐकताहेत."

पलीकडून परेरांचा आवाज आला. "मग असं करू," ते म्हणाले. "मी जरा गप्प बसतो. त्यांना मनात काय म्हणायचंय ते म्हणू दे. मी ऐकतोय."

आणि खरंच ते गप्प बसले. खोलीत नुसतं गूं. ह्यांची नजर यंत्रावर, माझं तोंड अर्धवट उघडं.

नलूनं खडीसाखर तोंडातून काढून हातात घेतली, बाबांकडे बघितलं, मग माझा पदर ओढला.

"आई, मग तुझं लायसन कुठाय?"